सायकलींची वाट मोडावी काय? – टोरोंटो नगरातील एका वादाची हकीकत

रस्ता हा व्यापाऱ्याच्या भांडवलाचाच एक भाग होय. तो खतावणीत कोठे जमा धरलेला नसतो, त्यावर घसारा काढला जात नाही, की त्याचा विमा उतरविला जात नाही. तथापि पेढीसमोरील दहा हात जमीन मोकळी राहिली की तुंबली, यावर त्या दिवसाचा गल्ला पुष्कळ अंशी अवलंबून असतो. म्हणूनच रस्त्याची वाटणी कोणामध्ये किती करावी, हा प्रश्न जेथे जेथे उत्पन्न झाला, तेथे तेथे व्यापारी वर्ग त्यात प्रथम ओढला गेला आहे. कॅनडा देशातील टोरोंटो नगरात हाच प्रश्न सायकलींसाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांवरून उपस्थित झाला आणि तो इतका विकोपास गेला की, त्या मार्गिका उखडून काढण्यासाठी प्रांताच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये खास कायदा केला, व २०२५ मध्ये न्यायालयाने तो कायदा सनदेच्या विरुद्ध ठरविला.

संपादक मंडळाने प्रतिवर्षाप्रमाणे धान्याच्या भावांविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस सुचविले होते. परंतु भाव आजकाल सभासदांस आमच्याआधी कळतात, व लेख छापून हाती येईपर्यंत ते शिळे झालेले असतात. शिवाय आम्हां इंदूरकरांस टोरोंटोची ही हकीकत अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. आगरा-मुंबई रस्त्यावरील बसमार्गिका मोडावी की ठेवावी या प्रश्नावर आपल्याच सभासदांत किती कडाक्याचे वाद झाले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वादात आवाज पुष्कळ होता, आकडे फार थोडे होते. टोरोंटोत आकडेही होते, इतकेच नव्हे, तर ते व्यापाऱ्यांनी स्वतः सहभागी होऊन गोळा केलेले होते. आम्ही हा विषय निवडला तो त्यासाठी.

प्रथम ही मार्गिका म्हणजे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. रस्त्याच्या कडेची चार-सहा फुटांची पट्टी केवळ रंगाने आखून तेथे सायकलीचे चित्र काढणे, हा तिचा अगदी प्राथमिक प्रकार होय. अशी पट्टी मोटारवाले पाळतातच असे नाही; माल उतरविणारी गाडी तेथे उभी राहते आणि सायकलस्वार वळसा घालून भर वाहतुकीत शिरतो. दुसऱ्या प्रकारात मधोमध दगडी काठ, खांब किंवा कुंड्या बसवून ती पट्टी मोटारींपासून अलग करतात. टोरोंटोतील वाद मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, कारण त्यासाठी मोटारींची एक ओळ, किंवा त्या उभ्या करण्याची जागा, कमी करावी लागते. जागा मोजकी आहे. एकास दिली की दुसऱ्याची कमी होते, आणि भावंडांच्या वाटणीत होते तसे प्रत्येकास आपलाच वाटा कमी आला असे वाटते.

टोरोंटो हे ऑन्टारिओ प्रांताच्या राजधानीचे नगर. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती सुमारे २८ लक्ष. या नगराच्या राजकारणाची एक गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील काहीच नीट उमगत नाही. १ जानेवारी १९९८ रोजी प्रांत-सरकारने जुने टोरोंटो व आजूबाजूची उपनगरे मिळून सहा नगरपालिकांचे एकीकरण केले. जुन्या शहरात घरे दाट, दुकाने रस्त्याला लागून, लोक पायी, ट्रामने किंवा सायकलीने फिरणारे. उपनगरांत घरे विरळ, अंतरे लांब, दूध आणावयाचे तरी मोटार काढावी लागणारी. एकत्र कुटुंबात शेतावरचा भाऊ व पेढीवरचा भाऊ यांच्या गरजा निराळ्या असाव्या, आणि घराचा खर्च मात्र एकाच तिजोरीतून व्हावा, तशी ही स्थिती. सायकलींच्या मार्गिकांवरील भांडण हे वस्तुतः या दोन भावांचेच भांडण आहे, असे आमचे मत बनले आहे.

या भांडणाचा पहिला मोठा प्रसंग जार्व्हिस नावाच्या रस्त्यावर घडला. २०१० च्या उन्हाळ्यात तेथील मधली ओळ काढून दोन्ही कडांना सायकलींसाठी पट्ट्या आखण्यात आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉब फोर्ड हे महापौर झाले. मोटारींविरुद्धचे युद्ध आता संपले, अशी त्यांची घोषणा होती. नगरसभेने २०११ मध्ये त्या पट्ट्या काढण्याचा ठराव केला व नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या खरवडून टाकण्यात आल्या. पट्ट्या पुसणारे यंत्र आले तेव्हा काही सायकलस्वार त्याच्यासमोर रस्त्यावर बसले होते. पट्ट्या आखण्यास जो खर्च आला, त्याहून त्या पुसून पूर्वीची व्यवस्था लावण्यास अधिक आला, ही बाब व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही. पुढेही हेच घडावयाचे होते, पण फार मोठ्या प्रमाणावर.

आता ब्लूर या रस्त्याकडे वळू. हा टोरोंटोचा पूर्व-पश्चिम जाणारा मुख्य बाजाररस्ता. खाली भुयारी रेल्वे, वर दोन्ही बाजूंस किराणा, फळे, पुस्तके, खानावळी, न्हाव्यांची दुकाने. तेथे सायकलींना जागा द्यावी ही मागणी फार जुनी, आणि दुकानदारांचा विरोधही तितकाच जुना. विरोधाचे कारण सरळ होते: समोर मोटार उभी करता आली नाही तर गिऱ्हाईक पुढे निघून जाईल. या समजुतीची परीक्षा करावी म्हणून २००९ मध्ये त्या रस्त्याच्या अ‍ॅनेक्स नावाच्या भागात दुकानदारांस व गिऱ्हाइकांस विचारपूस करून एक पाहणी प्रसिद्ध करण्यात आली. तीत असे आढळले की, मोटारीने येणारे गिऱ्हाईक दहांतून एकच होते. बाकीचे पायी, सायकलीने किंवा रेल्वेने येत. अधिक नवल असे की, पायी व सायकलीने येणारा मनुष्य एका खेपेत थोडे घेई, परंतु तो वारंवार येई. महिन्याच्या हिशेबात त्याचीच खरेदी अधिक भरे.

पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये ब्लूर रस्त्याच्या सुमारे २.४ किलोमीटर भागात अलग केलेल्या मार्गिका एक वर्षाच्या प्रयोगादाखल घालण्यात आल्या. मोटारी उभ्या करण्याच्या पुष्कळशा जागा गेल्या. या वेळी तेथील दोन व्यापारी मंडळांनी – एक अ‍ॅनेक्सचे, दुसरे कोरियन लोकांच्या पेठेचे – विद्यापीठातील अभ्यासकांबरोबर मिळून प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर पाहणी करविली. आणि तुलनेसाठी जेथे मार्गिका नव्हती अशा डॅनफोर्थ रस्त्याचीही पाहणी केली. ही तुलनेची युक्ती आम्हांस फार आवडली. एका पेठेचा धंदा वाढला तर तो मार्गिकेमुळे वाढला की एकूण बाजारच तेजीत होता, हे दुसऱ्या पेठेकडे पाहिल्याविना कसे कळणार? सरासरी काय झाले? गिऱ्हाइकांचा महिन्याचा खर्च वाढला, त्यांच्या खेपा वाढल्या, रिकाम्या दुकानांची संख्या वाढली नाही. नगरपालिकेने कार्डावरील देवघेवीचे एकत्रित आकडेही मिळविले. त्यांतही या भागातील वाढ लगतच्या भागांहून अधिक दिसली. सायकलस्वारांची संख्या सुमारे दीडपट झाली. मोटारींस मात्र तो भाग ओलांडण्यास सकाळच्या गर्दीत सुमारे २ मिनिटे व सायंकाळी सुमारे ४ मिनिटे अधिक लागू लागली, हेही त्याच अहवालात नमूद आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने ३६ विरुद्ध ६ मतांनी त्या मार्गिका कायम केल्या.

दुकानदारांस आपली गिऱ्हाइके कशाने येतात हे ठाऊक नसावे, याचे कित्येकांस आश्चर्य वाटेल. आम्हांस वाटले नाही. ही पाहणी वाचल्यावर आम्ही सहज आमच्या मुनीमजींस विचारले की, आपल्या पेढीवर वाहनाने येणारे गिऱ्हाईक किती असावे? त्यांनी तत्काळ आठ-दहा नावे सांगितली. ती सर्व अशांची होती, ज्यांची गाडी दारात आडवी राहते व जी काढण्यासाठी दर वेळी कोणास तरी हाक मारावी लागते. जो अर्धा कट्टा सायकलीच्या कॅरिअरला बांधून मुकाट्याने निघून जातो, असा गल्लीतला किरकोळ दुकानदार मुनीमजींस आठवला नाही. आणि त्याचे नाव तर उधारीच्या वहीत दर पानावर आहे! मोटारवाला जागा मिळाली नाही म्हणजे तक्रार करतो व ती तक्रार मालकाच्या कानी पडते. पायी येणारा जागेविषयी तक्रार करीतच नाही, कारण त्यास जागा लागतच नाही. तात्पर्य, ब्लूर रस्त्यावरील दुकानदार खोटे बोलत होते असे नव्हे. त्यांचे कान एकाच बाजूचे ऐकत होते.

२०२० मध्ये महामारीचे वर्ष उजाडले. ट्राम व रेल्वे टाळून लोक सायकलींकडे वळले आणि टोरोंटोच्या नगरपालिकेने अल्पावधीत अनेक मार्गिका घातल्या. युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू या रुंद रस्त्यावर, जेथे नगरातील मोठमोठी रुग्णालये एकापुढे एक उभी आहेत, त्याच वर्षी त्या आल्या. यंग या ख्यातनाम रस्त्याच्या मध्यभागी २०२१ मध्ये आल्या. पुढे ब्लूरची मार्गिका पश्चिमेकडे वाढत वाढत २०२३-२४ मध्ये इटोबिको या उपनगरात शिरली. येथे मात्र ठिणगी पडली.

विरोधकांची बाजू आम्ही जाणूनबुजून सविस्तर देतो, कारण तिच्यात तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इटोबिको म्हणजे जुने शहर नव्हे. तेथे अंतरे लांब, वस्ती विरळ आणि म्हाताऱ्या माणसांची संख्या बरीच. जानेवारीत तेथे हाडे गोठविणारी थंडी पडते. त्या दिवसांत मार्गिका ओस दिसते आणि शेजारी मोटारींची रांग खोळंबलेली असते. रांगेत बसलेल्या मनुष्यास ती रिकामी पट्टी पाहून संताप यावा, यात नवल ते काय? किंग्जवे नावाच्या पेठेतील दुकानदारांनी आमचा धंदा बसला अशी तक्रार केली. मालाची गाडी उभी करण्यास जागा नाही, ही त्यांची तक्रार तर आमच्या वर्गास तंतोतंत पटण्यासारखी आहे. मिठाईच्या दुकानास माल टोपलीतून येतो, पण आमच्यासारख्यांचा माल दोन-दोनशे क्विंटलांच्या ट्रकांतून येतो; तो ट्रक कोठे तरी दोन तास उभा राहिलाच पाहिजे, व हम्मालास पाठीवर पोते घेऊन चालावे लागणारे अंतर प्रत्येक दहा पावलांस वाढते. जे अभ्यासक ‘दुकानदारांचा भ्रम’ असे म्हणून सर्वच तक्रारी झटकून टाकतात, त्यांनी एकदा तरी पोते उचलून पाहावे.

रॉब फोर्ड यांचे बंधू डग फोर्ड हे २०१८ पासून ऑन्टारिओचे मुख्यमंत्री आहेत, व त्यांचे घराणे इटोबिकोचेच. त्यांच्या सरकारने २१ ऑक्टोबर २०२४ रोजी विधेयक क्रमांक २१२ मांडले आणि २५ नोव्हेंबरला त्याचा कायदा झाला. कायद्याचे नाव ‘कोंडी घटविणे, आपला वेळ वाचविणे’ अशा अर्थाचे आहे; नाव वाचून हा कायदा आहे की एखाद्या औषधाची जाहिरात, असा क्षणभर संभ्रम पडतो. त्यात दोन मुख्य गोष्टी होत्या. मोटारींची ओळ कमी होत असेल तर कोणत्याही नगरपालिकेने प्रांताच्या संमतीवाचून नवी मार्गिका घालू नये, ही एक. आणि ब्लूर, यंग व युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरील मार्गिका प्रांत-सरकार स्वतः काढील, ही दुसरी. त्या मार्गिकांची लांबी सुमारे १९ किलोमीटर. काढल्यामुळे कोणास इजा झाली तर सरकारवर दावा लावता येऊ नये, असेही कलम त्यात घालून ठेवले होते. या शेवटच्या कलमावर आम्ही बराच वेळ विचार केला. माल निर्दोष आहे अशी खात्री असलेला व्यापारी बिलाच्या पाठीवर ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असे छापतो, हे खरे. पण इतक्या मोठ्या अक्षरात छापत नाही.

नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला तो असा: या तीन रस्त्यांवरील मार्गिका घालण्यास सुमारे २ कोटी ७० लक्ष डॉलर खर्च आला होता, आणि त्या काढण्यास निदान ४ कोटी ८० लक्ष डॉलर येईल. प्रांत-सरकारला हा आकडा मान्य नव्हता. तो काहीसा फुगविलेला आहे असे गृहीत धरले, तरी घालण्याचा खर्च बुडीत, काढण्याचा खर्च नवा, आणि दोन्ही एकाच करदात्याच्या खिशातून, ही वस्तुस्थिती बदलत नाही. इतका खर्च करून मोटारींचा वाचणारा वेळ अल्प राहील, असेही त्याच अधिकाऱ्यांनी सांगितले.

हा वेळ अल्प का राहतो, ते समजून घेण्यासारखे आहे. रस्ता रुंद केला की कोंडी फुटते, ही समजूत सामान्य माणसाची आहे आणि ती वरवर निर्विवाद वाटते. परंतु शहरातील रस्त्याचे वहन त्याच्या रुंदीवर जितके, त्याहून अधिक चौकावर अवलंबून असते. मंडीचे उदाहरण घ्या. हंगामात सोयाबीन किंवा गहू येऊ लागला की मंडीच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कोणी म्हणेल, फाटकापर्यंतचा रस्ता दुप्पट रुंद करा. केला, आता दोन रांगा लागतील. धर्मकाटा मात्र एकच आहे, आणि तासाला जितक्या गाड्या त्यावर तुलतील तितक्याच पुढे सरकतील. शहरात दर चौकातील लाल दिवा हा असाच एक धर्मकाटा आहे. शिवाय रस्ता मोकळा दिसू लागला की, जे लोक आजवर रेल्वेने जात, उशिरा निघत किंवा दुसऱ्या वाटेने जात, ते त्याच रस्त्यावर परत येतात. अँथनी डाउन्स नामक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मोठ्या नगरमार्गांविषयी हे तत्त्व मांडले: गर्दीच्या वेळी कोंडी ही रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढतच जाते. भाडे उतरले की माल वाढतो, हे आम्हां व्यापाऱ्यांस डाउन्स यांनी सांगावयाची आवश्यकता नव्हती. परंतु रस्त्यास तो न्याय लागू पडतो हे कोणी बोलून दाखविले नव्हते.

दुसरी गोष्ट मापाची. रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हे मोजावयाचे, की किती माणसे गेली हे? अमेरिकेतील नगर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, सुमारे दहा फूट रुंदीच्या एका ओळीतून मोटारींत बसून तासाला ६०० ते १,६०० माणसे जाऊ शकतात. तीच रुंदी दुतर्फी सायकलमार्गास दिली तर ७,५०० पर्यंत जाऊ शकतात. अर्थात ही शक्यता झाली. तितके सायकलस्वार प्रत्यक्षात असले पाहिजेत. जानेवारीच्या इटोबिकोत ते नसतात. म्हणून जुन्या शहरातील ब्लूर व उपनगरातील ब्लूर यांस एकच कायदा लावणे, मग तो घालण्याचा असो वा काढण्याचा, आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. प्रांत-सरकारने तेच केले.

कायद्याविरुद्ध सायकलस्वारांची एक संस्था व दोन सायकलस्वार न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती पॉल शाबस यांनी काढण्याच्या कामास तात्पुरती मनाई केली, व ३० जुलै २०२५ रोजी अंतिम निकाल दिला. कॅनडात १९८२ साली हक्क व स्वातंत्र्यांची सनद अमलात आली. तिच्या ७ व्या कलमाने मनुष्याचे जीवित, स्वातंत्र्य व शरीराची सुरक्षितता यांस संरक्षण दिले आहे. आपल्या घटनेतील २१ व्या कलमाचे ते जवळचे नातलग म्हणता येईल. निकालाचा मथितार्थ लोकांत बराच विपर्यस्त पसरला, म्हणून तो नीट सांगतो. सायकलींसाठी मार्गिका मिळण्याचा हक्क नागरिकास आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. सरकारने मार्गिका कधीच घातली नसती तर तो प्रश्न न्यायालयापुढे आला नसता. परंतु एकदा घातलेले संरक्षण काढून घेतल्याने माणसांच्या मृत्यूचा व इजेचा धोका वाढतो, आणि ज्या हेतूसाठी ते काढावयाचे तो कोंडी कमी करण्याचा हेतू त्यामुळे साध्य होईल असा पुरावा नाही; सबब हे काढणे मनमानीचे ठरते, असे ते तर्कशास्त्र आहे. या निर्णयात सरकारला सर्वाधिक नडले ते सरकारचेच कागद. सरकारने नेमलेल्या अभियंत्यांच्या सल्लागार पेढीने मार्गिका काढल्यास अपघात ५४ टक्क्यांनी वाढू शकतील असे लिहून दिले होते, आणि कोंडी हटेल अशी हमी दिली नव्हती. निकालाविरुद्ध अपील करण्याचे सरकारने लागलीच जाहीर केले. लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने रस्ता कसा वाटावा हे ठरवावयाचे नाही तर कोणी, हा सरकारचा प्रश्नही हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत याच सरकारास पुनः बहुमत मिळाले होते.

हा धोका म्हणजे केवळ वकिली शब्द नव्हे. २०२४ या एका वर्षात टोरोंटोत सहा सायकलस्वार मृत्यू पावले. त्यांपैकी एक चोवीस वर्षांची तरुणी होती. जुलै महिन्यात ब्लूर रस्त्यावर बांधकामाचा राडारोडा टाकण्याची लोखंडी पेटी मार्गिकेत ठेवलेली असल्याने तिला मोटारींच्या ओळीत शिरावे लागले आणि ती ट्रकखाली सापडली. मार्गिका उखडलेली नव्हती. फक्त चार हात जागा अडली होती. टोरोंटोत सायकलीवरून खानावळींचे डबे पोहोचवून शिक्षणाचा खर्च भागविणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, व त्यांत आपल्या देशातून गेलेली मुले थोडी नाहीत. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची नातवंडे तिकडे आहेत, म्हणून हे लिहिले.

आपल्या देशातही घातलेली वाट मोडण्याचे प्रसंग आले आहेत. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरांवर २००८ मध्ये बसमार्गिका सुरू झाली. तिच्या जोडीने सायकलींसाठीही स्वतंत्र वाट होती. ती काढून टाकावी असा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळला, पण २०१५ मध्ये राज्य सरकारने ती मोडण्याचे ठरविले व २०१६ मध्ये मोडली. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास घातलेला सायकलमार्ग काढून मोटारींसाठी ओळ वाढविण्याचे २०२५ मध्ये ठरले. मुंबईच्या त्या मार्गाविषयी आमची सहानुभूती टोरोंटोइतकी नाही. जो मार्ग स्थानकापासून निघत नाही आणि वस्तीपर्यंत पोहोचत नाही, त्यावर सायकलस्वार येणार कोठून? तेथे वाहने उभी राहू लागली व पुढे कोणी वापरीत नाही म्हणून तो मोडीत निघाला. विहीर अर्धी खणावयाची आणि पाणी लागत नाही म्हणून बुजवावयाची, असा हा प्रकार.

आमच्या इंदुरात सायकलीचा प्रश्न नव्हता, बसचा होता. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरांवर २०१३ पासून बसगाड्यांसाठी मधली वाट राखलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढण्याची घोषणा केली, व २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने तशी अनुमती दिली. दुसऱ्याच दिवशी कठड्यांवर घण पडू लागले, मात्र पुढील काम महिनोन्‌महिने रेंगाळले. त्या वाटेने दररोज प्रवास करणाऱ्यांत आपल्या पेढ्यांवरील गुमास्ते, शिलाईकाम करणाऱ्या बाया, महाविद्यालयातील मुले असत. चर्चेच्या सभांत आम्हांस यांपैकी एकही जण बोलताना दिसला नाही. बोलणारे सर्व मोटारीने आलेले होते, आणि सभेस उशीर झाल्याबद्दल रस्त्याच्या कोंडीला दोष देत होते.

मालाची चढउतार हा प्रश्न राहिला. आमच्या समजुतीप्रमाणे व्यापाऱ्यांनी मार्गिकेस सरसकट विरोध करण्यापेक्षा या एकाच मुद्द्यावर भर द्यावा. मालगाड्यांस पहाटेच्या ठराविक वेळा, दर शंभर-दीडशे पावलांवर राखलेला एक थांबा, आणि त्या थांब्यावर दुसऱ्या कोणी वाहन उभे केले तर कडक दंड, इतके पदरात पडले तर आमचा ट्रक उभा राहील आणि हम्मालाची सायकलही जिवंत घरी जाईल. मंडीत सूर्योदयापूर्वी येणारे बहुतेक हम्माल सायकलीवर येतात. त्यांस दिवा नसतो, वाट नसते, आणि त्याच वेळी आमचेच ट्रक भरधाव शिरत असतात.

अशा मागण्या घेऊन नगरपालिकेकडे जावयाचे तर हाती काही टिपण असावे लागते. आम्ही मुनीमजींकडून एक कोरी वही आखून घेतली आहे. तीत चार रकाने आहेत: पायी, सायकल, दुचाकी, मोटार. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे खरेदीची रक्कम व येण्याची वेळ लिहावयाची. ट्रकांसाठी निराळे पान आहे. दिवाळीच्या पाडव्यास नव्या चोपड्यांबरोबर तिचेही पूजन करून एक महिना नोंदी ठेवण्याचे योजिले आहे. ज्या सभासदांस आपल्या पेढीवर अशीच वही घालावयाची असेल, त्यांनी रकान्यांचा नमुना आमच्या पेढीवरून कोणत्याही दिवशी दुपारी तीननंतर न्यावा. सकाळी लिलावाची गडबड असते.